पंचवीस व्होल्टचे शुद्धिपत्र

रविवार, ७ सप्टेंबर २०२५

चूक. एका परिच्छेदात तीन तारखा आणि तिन्ही चुकीच्या.

विहार समितीचे सचिव नवनाथ सकाळी वार्षिक अहवालाचा मसुदा देऊन गेले. "सर, नेहमीसारखं ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघून द्या." तिसऱ्या पानावर असे आहे : 'विहाराचा ध्वनिवर्धक यंदा तीन वेळा, दि. १३ एप्रिल, ९ जुलै व १४ ऑगस्ट रोजी, बंद पडला. यंत्रचालक आयु. प्रतिक्षा सर्वगोड यांनी कंडेन्सर उलटा जोडल्याने सदर नुकसान झाले.'

१३ एप्रिलला ध्वनिवर्धक बंद पडलेला नाही. त्या संध्याकाळी पूर्वतयारी होती आणि आवाज उत्तम होता. तो बंद पडला १४ एप्रिलला, अभिवादन सभेत. ९ जुलैलाही नाही — १० जुलैला, वर्षावासाच्या आरंभी, मी ग्रंथाचे पहिले पान वाचत असताना. फट् असा आवाज, धूर, आणि नासलेल्या मासळीसारखा वास. माझे वाक्य अर्धे राहिले. १४ ऑगस्टलाही नाही. १५ ऑगस्टला, ध्वजारोहणानंतर. नवनाथांनी तारखा पूर्वतयारीच्या सूचनांवरून उतरवल्या आहेत. कार्यक्रम कधी झाले ते पाहिलेले नाही.

आणि दुसरे वाक्य. तारखा चुकणे हा आळस झाला. दुसरे वाक्य हा आरोप आहे.

प्रतिक्षा माझ्या विहारातल्या रविवारच्या यंत्रदुरुस्तीच्या वर्गात चार वर्षे आली. दिवसभर गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काम, आणि रविवारी माझ्यासमोर हातात तारांना डाग देण्याची कांडी. विहाराचा ध्वनिवर्धक तिने जोडला, तीच चालवते. (शुद्धलेखनाच्या नियमाने 'प्रतीक्षा' हवे. तिच्या आधारकार्डावर 'प्रतिक्षा' आहे आणि नाव तिचे आहे. मी तसेच लिहितो. ही सवलत इतर कोणाला नाही.) भवानी पेठेत तिने दुरुस्तीच्या दुकानासाठी गाळा घेतला आहे. दसऱ्याला उघडणार. अहवालही त्याच दिवशी, अशोक विजयादशमीच्या सभेत, व्यासपीठावरून वाचला जाणार. सारी पेठ बसलेली असते. ते वाक्य कानावर पडल्यावर तिच्या दुकानात बिघडलेला मिक्सरसुद्धा कोणी टाकणार नाही.

संध्याकाळी मसुदा परत केला. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. तिसऱ्या पानावर लिहिले : 'मजकूर असत्य.' नवनाथ म्हणाले, "तुम्ही व्याकरण बघा की सर. बाकीचं समिती बघंल."

नाही. बाकीचेही मी पाहीन.


सोमवार, ८ सप्टेंबर

प्रतिक्षाकडे गेलो. तिला अगोदरच कळले होते. भाकरी थापता थापता म्हणाली, "सर, खरंच उलटा जोडला असंल का मी?"

मला राग आला. नवनाथांचा नव्हे, तिचा. स्वतःच्या हातांची साक्ष तिने दुसऱ्याच्या शब्दावर सोडून द्यावी! मी म्हणालो, ध्वनिवर्धकाची पेटी काढा. (मी तिला वर्गात 'अहो' म्हणतो. सर्वांनाच म्हणतो.)

१५ ऑगस्टनंतर पेटी कोणी उघडलेली नव्हती. फुटलेले धारित्र अजून जागेवर होते. बाजारात त्याला कंडेन्सर म्हणतात, मराठीत धारित्र. अंगठ्याएवढे नळकांडे, अंगावर पांढरी पट्टी. पट्टी ऋण बाजूला हवी. ती ऋण बाजूलाच होती. सरळ जोडलेले, स्वच्छ डाग दिलेले.

"मग?" ती म्हणाली.

"मग उलटे नव्हते. आणि उलटे जोडलेले धारित्र रात्रभर थांबून सकाळी फुटत नाही. वीज लागल्यावर थोड्या वेळात फुटते. आपले तिन्ही वेळा आदल्या संध्याकाळी नीट चाललेले आहे."

"हे नवनाथकाकांना सांगा."

सांगितले. जाता जाता त्यांच्या दारातच. ते म्हणाले, "आता सरळ असंल. नंतर फिरवला नसंल कशावरून?"

म्हणजे 'का उलटे नव्हते' एवढे पुरणार नाही. 'का फुटले' हे सिद्ध करावे लागेल. तीन आठवडे आहेत.


मंगळवार, ९ सप्टेंबर

पेटी घरी आणली. पत्नी यशोदा म्हणाली, "जेवायच्या टेबलावर विहार आणून ठेवलंत." बार्शीला शिकवत होतो तेव्हापासून ती हेच म्हणत आली आहे, तेव्हा टेबलावर रेडिओ असत.

धारित्राचे काम साधे आहे. रोहित्रातून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, येणारी वीज हेलकावे खात येते. धारित्र ती भरून घेते आणि संथपणे पुढे देते. त्याच्या अंगावर दोन आकडे असतात. एक, किती साठवते. दुसरा, किती दाब सोसते. आमच्या धारित्रांवर दुसरा आकडा पंचवीस व्होल्ट आहे. तिने ज्यावरून ध्वनिवर्धक जोडला त्या आराखड्यातही पंचवीसच छापले आहे. फुटल्यावर तिने पुन्हा पंचवीसच घातले, कारण दुरुस्तीची रीतच ती आहे — जे होते तेच घालायचे. मीही तिला तेच सांगितले होते.

रोहित्रावर अठरा लिहिले आहे. पण अठरा ही हेलकाव्याची सरासरी धरावी. धारित्र भरते ते हेलकाव्याच्या शिखरापर्यंत. शिखर काढण्यासाठी १.४१४ने गुणायचे : २५.४५. डायोड वाटेत पाऊण व्होल्ट खातो. उरले २४.७.

कागदावर बसते. जेमतेम बसते. मोजमापात मला हा शब्द चालत नाही. परंतु जेमतेम असले तरी बसते; मग एकच यंत्र संध्याकाळी चालते आणि दुसऱ्या सकाळी फुटते, असे का?

यशोदेचे मत : "गर्दी बघून घाबरत असंल."


बुधवार, १० सप्टेंबर

सापडले. बहुधा सापडले.

मापक घेऊन सकाळीच विहारात बसलो. खांबावरून येणारी वीज २३० असायला हवी. मापक २०४ दाखवत होता. भिंतीपलीकडे शिवप्पांचा टॉवेलचा कारखाना, त्याला लागून आणखी पाच-सहा. यंत्रमागांची खटखट इतकी सवयीची की ती ऐकू येत नाही. पंखा दमल्यासारखा फिरत होता. मी रोहित्राचे आकडे टिपत होतो.

जेवणाची सुट्टी झाली. एकेक कारखाना थांबत गेला, आणि माझ्या वहीचे पान आपोआप उलटले. पंख्याला वेग आला होता. मापक पाहिला. २१२. २१९. २२६.

कितीतरी वेळ मी मापकाकडे पाहत बसलो. मग जेवण आटोपून माग सुरू झाले आणि आकडा पायऱ्या उतरावा तसा उतरला.

माग वीज खातात तेव्हा आमच्या वाट्याला कमी येते. माग थांबले की चढते. जेवणाच्या सुट्टीत सगळे माग थांबत नाहीत. पूर्ण सुट्टीच्या दिवशी थांबतात.

आणि विहाराचे मोठे कार्यक्रम कधी असतात? सुट्टीच्या दिवशी. लोकांना यायला तोच दिवस मोकळा. पूर्वतयारी कधी? आदल्या दिवशी, कामाच्या. म्हणजे आम्ही परीक्षा घेतो माग चालू असताना आणि कार्यक्रम करतो माग बंद असताना! चार वर्षे या भिंतीला पाठ लावून मी वर्ग घेतो आहे.

उद्या गुरुवार. या ओळीतल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी.


गुरुवार, ११ सप्टेंबर

२५१.

तीन वेळा मापले. दुसरा मापक प्रतिक्षाकडून मागवून पुन्हा मापले. २५१.

रोहित्रही, त्याच्यावर फारसा भार नसल्याने, लिहिलेल्यापेक्षा जास्त देते; अठराऐवजी २१.८. गुणिले १.४१४, उणे डायोड. तीस व्होल्ट. पंचवीस सोसणाऱ्या धारित्रावर तीस. काही वेळ सोसते, तापते, मग फुटते. त्याने तरी काय करावे?


शुक्रवार, १२ सप्टेंबर

यशोदा : "मग आता टेबल मोकळं करता का?"

नाही.


रविवार, १४ सप्टेंबर

प्रतिक्षाला घेऊन सुट्या भागांच्या दुकानात गेलो. साठवणुकीचा आकडा तोच ठेवायचा, ४७००. वाढवायचा तो फक्त सोसण्याचा. पंचवीसच्या वरचे मिळते ते पस्तीस, त्यावरचे पन्नास.

ती म्हणाली, "पस्तीस बसंल पेटीत. तिसावर पाच जास्त आहेत की."

"पाच म्हणजे किती? वीज २५१वरून २७०वर गेली तर?"

तिने तिथेच हिशेब केला. साडेबत्तीस. "तरी बसतंय."

"जेमतेम," मी म्हणालो. तिने पुढे वाद घातला नाही. नियम मी वर्गात सांगितलेला आहे : जास्तीत जास्त जितका दाब येईल, त्याच्या निदान दीडपट सोसणारे घ्यावे. तीसच्या दीडपट पंचेचाळीस. पंचेचाळीसचे मिळत नाही. पन्नास.

मंडप आणि ध्वनिक्षेपक भाड्याने देणारा जालिंदर तिथेच वायर मोजून घेत होता. आमचा यंत्र बंद पडला की समिती त्याचा संच आणते. (यंत्र नपुंसकलिंगी. घाईत लिहिले. 'आमचे यंत्र'.) तो म्हणाला, "सर, पन्नासचा नका घालू. पन्नास व्होल्ट गेले म्हंजे आवाज फाटंल की. स्पीकर जाईल."

"पन्नास व्होल्ट जात नाहीत, जालिंदर. ते पन्नासपर्यंत सोसते, एवढाच अर्थ. विहिरीला जाड दोर लावला म्हणून बादली जड होते का?"

"न्हाय होत."

"मग?"

त्याने डोके खाजवले. "मग हे लोक बारीक दोर का देत्यात?"

"जाड दोर जागा जास्त घेतो. आराखडा करणाऱ्याने पेटी लहान ठेवली. त्याच्या गावात मागांचे कारखाने नसावेत."

जालिंदर प्रतिक्षाकडे वळला. "ताई, माझे दोन सेट दसऱ्याच्या टायमाला दरवर्षी मरत्यात. तुमचं दुकान उघडलं की आणतो. म्हंजे, उघडणार हाय ना?"

ती हातातल्या धारित्राची पट्टी पाहू लागली. मी बोललो : "उघडणार आहे."


सोमवार, १५ सप्टेंबर

नवनाथांना सर्व समजावून सांगितले. आकडे दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले, मग भिंतीवरचे कालनिर्णय एक पान मागे उलटले.

"सर, १४ ऑगस्टला गुरुवार होता."

मी पाहिले. गुरुवार होता.

"गुरुवारी माग बंद. तुम्हीच म्हणता. त्या संध्याकाळी तयारी होती, यंत्र दीड-दोन तास चाललं. तुम्हीच म्हणता. मग त्या दिवशी का नाही फुटलं?"

तीनपैकी एक तारीख माझ्या विरुद्ध उभी राहिली आणि मीच ती अहवालात दुरुस्त करून दिली होती. नवनाथांनी पान पुन्हा पुढे केले. जिंकल्यासारखे ते हसले नाहीत, हे लिहून ठेवले पाहिजे.

घरी जेवलो नाही. आकडे खोटे बोलत नाहीत. तर मग मी काहीतरी धरून चाललो आहे, जे तसे नाही. काय?


मंगळवार, १६ सप्टेंबर

शिवप्पांकडे गेलो. ते दारातच सूत तपासत उभे होते. विचारले, गेल्या महिन्यात १४ तारखेला, गुरुवारी, कारखाना बंद होता ना?

"१४ला? कुठली सुट्टी सर? दुसऱ्या दिवशी पंधरा ऑगस्ट. गुरुवार बंद, शुक्रवार बंद, असं सलग दोन दिवस माग थांबवून कसं चालंल? गुरुवारची सुट्टी शुक्रवारवर ढकलली. सगळ्या ओळीनं."

"म्हणजे १४ला चालू?"

"हौदु, होय. चालू. पंधराला बंद." मग माझ्याकडे पाहून, "का हो? आवाजाची तक्रार आहे का?"

मी म्हणालो, नाही. तुमच्या शांततेची तक्रार आहे. त्यांना काही कळले नसावे, पण चहा पाजला.

तिन्ही तारखा जुळल्या.


गुरुवार, १८ सप्टेंबर

आज कसोटी. माग बंद. वीज २५२.

पन्नासची धारित्रे उंच निघाली. पेटीचे झाकण बसेना. मी म्हणालो, पेटी बदलू. प्रतिक्षाने ती आडवी निजवली, नायलॉनच्या पट्टीने बांधली, पाय लांबवून डाग दिले. झाकण बसले. मला हे सुचले नव्हते.

सकाळपासून दिवेलागणीपर्यंत यंत्र सुरू ठेवले. रिकाम्या विहारात मी वर्षावासाचा पुढचा भाग वाचला, मग मागचा, मग वर्तमानपत्र. प्रतिक्षा दर थोड्या वेळाने धारित्रांना हात लावून पाही (वीज काढून, मी सक्त ताकीद दिली होती). "कोमट पण न्हाईत सर." दुपारी शिवप्पांचा रखवालदार डोकावून विचारून गेला, कुणाचा कार्यक्रम आहे.

नवनाथ संध्याकाळी आले. मापक पाहिला. ऐकत उभे राहिले. म्हणाले, "विजयादशमीला हेच यंत्र लावू. जालिंदरचा सेट बाजूला असू दे." एवढे बोलून गेले. अहवालाचे काही बोलले नाहीत. मला वाटले, बोलण्याची गरज उरली नाही.


रविवार, २१ सप्टेंबर

समितीची बैठक. अहवाल छापून आला आहे. गठ्ठे कोपऱ्यात रचलेले.

तिसरे पान उघडले. वाक्य तेच. तारखा त्याच. नवनाथ म्हणाले, "तुमच्या सगळ्या दुरुस्त्या घेतल्यात सर. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही." खरे आहे. सबंध पानात ते सर्वांत निर्दोष वाक्य आहे. 'सदर'च्या जागी मी 'हे' सुचवले होते; तेही घेतले आहे.

मी उठून सर्व मांडले : माग, वीज, तीस व्होल्ट, १४ ऑगस्टची ढकललेली सुट्टी. पंचवीसचेच पुन्हा घाला असे तिला मी सांगितले होते, हेही मांडले. कोणी नाही म्हटले नाही. कोणी हो म्हटले नाही. कोणीतरी म्हणाले, छापून झाले आहे, पुढच्या वर्षीच्या अहवालात खुलासा करू.

पुढच्या वर्षी! तोवर गाळ्याला दुसऱ्याचे कुलूप असेल.

बाहेर पडताना नवनाथांनी मला बाजूला घेतले. "सर, अकरा वर्षं मी अहवाल लिहितो. अकरा वर्षं तुम्ही माझं पान लाल करून देता. मी कधी चकार शब्द काढला? भाषा तुमची, मान्य. आता मजकूर पण तुमचाच म्हटल्यावर मी सचिव कशाला?"

मला अकरा वर्षांत कधी वाटले नव्हते की तो लाल रंग त्यांना दिसतो.

तरीही वाक्य असत्य आहे.


सोमवार, २२ सप्टेंबर

पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली तर मुद्रणालय ते जाळत नाही. शुद्धिपत्र जोडते. 'पृष्ठ अमुक, ओळ तमुक. असे छापले आहे, असे वाचावे.' कोणाचा अपमान नाही, कोणाची निंदा नाही.

अहवाल वाचून झाला की अध्यक्ष विचारतात, "अहवालावर कोणाला काही सुचवायचे आहे?" आणि श्वास घेण्याच्या आत सभा 'साधु, साधु, साधु' म्हणून तो मंजूर करते. आजवर त्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेले नाही. पण प्रश्न विचारला जातो.

मी उत्तर देईन.


गुरुवार, २५ सप्टेंबर

प्रतिक्षाला सांगितले. तिने हातातले काम ठेवले.

"नको सर. ते एकदा वाचणार, मग तुम्ही परत वाचणार. एका दिवसात दोनदा माझं नाव माईकवरनं. लोकांना काय लक्षात राहतं? कंडेन्सर आणि प्रतिक्षा. बाकी कोण ऐकतंय?"

"न बोललो तर तेवढेच राहील."

"राहू दे. चार महिन्यांत विसरतील. दुकान तेव्हा उघडीन." मग : "आणि मी यंत्रावर बसणार न्हाई. माझ्याच यंत्रातून माझी चूक वाचणार, आणि मी तिथं बटणं धरून बसू?"

"तुम्ही बसला नाहीत तर जालिंदर बसेल."

"बसू दे की. त्याच्या सेटची चूक तरी कुणी माईकवरनं वाचत न्हाई."

मी म्हणालो, हा निर्णय तुमचा आहे, शुद्धिपत्राचा माझा. तुम्ही या किंवा न या, मी वाचणार. यंत्राविना वाचेन.

"तुमच्या आवाजाला माईक लागतोय कुठं," ती म्हणाली, आणि आज पहिल्यांदा हसली. पण येईन म्हणाली नाही.


शनिवार, २७ सप्टेंबर

शुद्धिपत्राचा मसुदा, दोन पाने. यशोदेला वाचून दाखवला. अर्ध्यात ती भाजी बघायला उठली.


सोमवार, २९ सप्टेंबर

प्रतिक्षा स्वतःहून आली. दुकानाचा फलक रंगवायला टाकून आली होती. मी कारण विचारले नाही. तिनेच सांगितले : "सकाळी कारखान्यात एकीनं विचारलं, तू विहाराचं यंत्र जाळलंस म्हणे. अजून वाचलं पण न्हाई त्यांनी, तोवर पोचलं. मग चार महिने थांबून काय?"

यंत्रावर ती बसणार. अटी दोन.

"वाक्यं छोटी ठेवा. लोकांना जेवायचं असतंय."

"आणि दुसरी?"

"ते धारित्र कुणाला कळणार न्हाई. कंडेन्सर म्हणा."

पहिली मान्य केली. दुसरीवर म्हणालो, सत्तेचाळीस वर्षे मी योग्य शब्द असताना परका शब्द वापरलेला नाही. ती म्हणाली, "मग तुम्ही बरोबर बोला आणि मी उलटा जोडणारी राहते."


बुधवार, १ ऑक्टोबर

कंडेन्सर म्हणेन.


गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५

नवनाथांनी अहवाल वाचला. तिसऱ्या पानाशी ते क्षणभर थांबले; मग वाचले, जसेच्या तसे. तिचे नाव रस्त्यापर्यंत ऐकू गेले. ती यंत्राजवळ बसली होती. आवाजाच्या बटणावर तिचा हात होता आणि तिने तो कमी केला नाही.

अध्यक्षांनी विचारले, कोणाला काही सुचवायचे आहे? मी उठलो. माईक नवनाथांनीच माझ्या हातात दिला. वाचले ते असे :

अहवाल, पृष्ठ तीन. शुद्धिपत्र.

'१३ एप्रिल' असे छापले आहे. '१४ एप्रिल' असे वाचावे. त्या दिवशी माग बंद होते.

'९ जुलै' असे छापले आहे. '१० जुलै' असे वाचावे. गुरुवार. माग बंद.

'१४ ऑगस्ट' असे छापले आहे. '१५ ऑगस्ट' असे वाचावे. माग बंद, गुरुवारची सुट्टी शुक्रवारी.

माग बंद असले की आपल्याकडे वीज चढते. कंडेन्सर सरळ जोडलेला होता. तो पंचवीस व्होल्ट सोसणारा होता. त्यावर तीसच्या आसपास पडले.

'२ ऑक्टोबर' अहवालात नाही. जोडून घ्यावे. माग बंद. वीज २५४. कंडेन्सर पन्नासचा. सकाळपासून सुरू. यंत्रावर प्रतिक्षा सर्वगोड. हे वाक्य तुम्हाला ऐकू येत आहे.